वाचकांचे प्रश्न : वाळूची ऊब, सड्यावरचे पाणी आणि उरलेली जागा

संकटग्रस्त प्रजाती आणि हवामान बदल या विषयावर गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्मी तरी कासवांविषयी होती, त्यामुळे त्या उत्तराला जागाही अधिक दिली आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून नावांऐवजी गावांचा उल्लेख केला आहे.

नागपूर येथील एक प्राध्यापिका विचारतात : आय.यू.सी.एन. या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ असा एक वर्ग आहे. हवामान बदलाविषयीच्या लेखांतही अमुक प्रजाती ‘असुरक्षित’ आहे असे वाचायला मिळते. या दोन्ही गोष्टी एकच समजाव्यात का?

एकच समजू नयेत. शब्द सारखा असल्यामुळे हा घोटाळा होतो, आणि तो वर्तमानपत्रांतही सर्रास होतो. लाल यादी हा प्रामुख्याने प्रजातीच्या आजच्या स्थितीचा हिशेब असतो. गेल्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत तिची संख्या किती घटली, तिचा वावर किती चौरस किलोमीटरांपुरता उरला, प्रजननक्षम प्राणी किती राहिले, अशा निकषांवर तिला असुरक्षित, संकटग्रस्त किंवा अतिसंकटग्रस्त ठरवले जाते. पुढे होऊ घातलेल्या घटीचा अंदाजही त्यात धरता येतो, पण घट कशामुळे झाली हा वर्ग ठरवतानाचा मुख्य प्रश्न नसतो. हवामान बदलापुढील असुरक्षितता जोखताना तीन वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात : झळ त्या प्रजातीपर्यंत किती पोहोचणार, पोहोचलेली झळ तिला किती लागणार, आणि लागलीच तर सरकायला, सवय बदलायला तिच्यापाशी वाव आहे का. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत कमी चर्चिली जाते आणि माझ्या मते तीच सर्वांत निर्णायक आहे.

या दोन हिशेबांतला फरक किती मोठा असू शकतो हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासातून दिसले. सर्व पक्षी, सर्व उभयचर आणि उष्ण समुद्रांत भित्ती उभारणारे प्रवाळ त्यात तपासले गेले. पक्ष्यांच्या २४ ते ५० टक्के, उभयचरांच्या २२ ते ४४ टक्के आणि प्रवाळांच्या १५ ते ३२ टक्के प्रजाती हवामान बदलापुढे अत्यंत दुबळ्या ठरल्या, आणि त्यांपैकी पुष्कळ प्रजाती तेव्हा लाल यादीत धोक्यातल्या मानल्या जात नव्हत्या. दोन्हीकडे नाव असलेल्या प्रजाती बऱ्याच कमी होत्या : पक्ष्यांत ६ ते ९ टक्के, उभयचरांत ११ ते १५ टक्के आणि प्रवाळांत ६ ते ९ टक्के. या अंकातले बहुतेक प्रश्न अशाच, दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडलेल्या प्रजातींविषयी आहेत.

गुहागर, वेळास आणि अलिबाग येथील वाचक विचारतात : वाळू तापली की कासवाची सगळी पिल्ले मादी होतात हे खरे आहे का? तसे असेल तर माद्या वाढल्याने अंडी वाढतील, मग त्यात वाईट काय?

पहिल्या भागाचे उत्तर होय असे आहे, पण ‘सगळी’ हा शब्द जपून वापरावा लागतो. कोकण किनाऱ्यावर येणारे ऑलिव्ह रिडले कासव लाल यादीत असुरक्षित वर्गात आहे आणि आपल्याकडे त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. माणसात मूल मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. समुद्री कासवांत तसे होत नाही. अंडी वाळूत घातल्यानंतर उबवणीच्या साधारण मधल्या तिसऱ्या हिश्शात घरट्याचे तापमान किती राहते त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निम्मे निम्मे निघतात; त्याहून थंड घरट्यात नर वाढतात आणि उष्ण घरट्यात माद्या. ऊब आणखी वाढून ३४-३५ अंशांच्या पुढे टिकून राहिली, तर अंड्यातच पिल्ले मरू लागतात.

याचे ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियातून आले. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या होत्या, तर त्याच समूहातील प्रौढांत हे प्रमाण सुमारे ८७ टक्के होते. प्रौढ कासवे कित्येक दशकांपूर्वी जन्मलेली, म्हणजे तेव्हाच्या वाळूची नोंद त्यांच्या शरीरात राहिली आहे. दक्षिणेकडच्या थंड किनाऱ्यांवरच्या कासवांत माद्या ६५ ते ६९ टक्केच होत्या.

आता दुसरा भाग. माद्या वाढल्या की काही काळ घरटी वाढतात हे खरेच आहे, आणि एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे माद्यांचे पारडे थोडे जड असणे हे स्वतःहून संकट नव्हे. फसवेपणा इथेच आहे. ऑलिव्ह रिडले प्रजननक्षम व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. आज किनाऱ्यावर मोजलेली घरटी ही पंधरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याची मिळकत असते, आणि आजच्या वाळूत नरांचा दुष्काळ पडत असेल तर तो कळायला आणखी पंधरा वर्षे जातील. शिवाय नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाकडे नुसते पाहून ते नर की मादी हे सांगता येत नाही. किनाऱ्यावरच्या कासव महोत्सवात पिल्ले समुद्राकडे धावताना पाहणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक नसते.

कोकणात याला एक स्थानिक पैलू आहे. इथे ओडिशाच्या गहिरमाथा किंवा ऋषिकुल्याप्रमाणे हजारो कासवे एका रात्री येत नाहीत. नोव्हेंबर ते मार्च या काळात एकेकटी मादी येते. वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने जे काम उभे केले, ते पुढे इतर अनेक किनाऱ्यांवर रुजले. कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतो, मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग वाळूत शोधतो, हातभर खोल खड्ड्यातून शंभरेक अंडी एकेक करून काढतो आणि जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत तशाच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवतो. पिल्ले निघण्याचा दिवस जवळ आला की त्यावर टोपली पालथी घातली जाते. पूर्वी कोल्हे, कुत्री आणि माणसेही ही अंडी पळवत असत, त्यामुळे हॅचरी नसती तर पुढचा प्रश्न विचारायला कासवेच उरली नसती. पण हॅचरीत अंडी आणल्यावर त्यांचे तापमान ही आपली जबाबदारी होते. नैसर्गिक किनाऱ्यावर एक घरटे केवड्याच्या सावलीत, दुसरे भरतीरेषेजवळच्या ओलसर वाळूत, तिसरे उघड्यावर, अशी विविधता आपोआप राहते. एकाच कुंपणात उघड्या उन्हात सगळी घरटी शेजारी शेजारी मांडली की ती विविधता नाहीशी होते. डिसेंबर-जानेवारीतली थंड हंगामातली घरटी म्हणूनच मोलाची आहेत. त्यांतून नर निघण्याची शक्यता अधिक असते.

कासवाला स्वतःहून काही करता येते का? काही प्रमाणात येते. मादी थंड महिन्यात येऊ शकते, किनाराही बदलू शकते. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली, तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवरची कासवे अगदीच वेगळी असतात या समजाला धक्का बसला. म्हणजे सरकण्याची क्षमता या प्राण्यात आहे. पण सरकून पोहोचायचे तिथे वाळू हवी. समुद्र आत येतो तेव्हा किनाराही मागे सरकू पाहतो, आणि मागे दगडी धूपप्रतिबंधक बंधारा, रस्ता किंवा रिसॉर्टची भिंत असेल तर मधला पट्टा अरुंद होत होत संपतो. भरतीच्या पाण्यात बुडालेले घरटे नासते. कोकणातल्या कासवाला वाढत्या उन्हाइतकीच ही भिंत नडणार आहे, असे माझे मत आहे.

सावंतवाडी येथील एक वाचक विचारतात : आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथल्या टोडला पाण्याची टंचाई कशी भासेल?

प्रश्न खोचक आहे, आणि नेमका आहे. आंबोली टोड हा बेडकाच्या कुळीतला, जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा प्राणी. अंगाच्या बाजूंवर पिवळसर पट्टे, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला आहे. स्वतंत्र प्रजाती म्हणून त्याची ओळख २००९ मध्ये पटली आणि तो अतिसंकटग्रस्त वर्गात आहे. आंबोली परिसराबाहेर त्याच्या नोंदी फारच थोड्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडी, पहिल्या सरी पडल्या की नर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, जमून ओरडू लागतात, आणि कातळाच्या खोलगट भागात साचलेल्या बोटभर पाण्यात मादी अंडी घालते. विहिरीत, ओढ्यात, तळ्यात ती जात नाही. त्यामुळे या प्राण्याचे वर्षभराचे भवितव्य सात हजार मिलिमीटरांवर ठरत नाही. ते ठरते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, सरी एकामागून एक येतात की मध्ये उघडीप पडते यावर. आठवडाभर ऊन पडले तर त्या खळग्यातले पाणी कातळाच्या तापाने आटते आणि अंडी वाळतात. उलट सुरुवातीलाच धो धो कोसळला तर सड्यावरून पाण्याचे लोट वाहतात आणि अंडी त्यांबरोबर जातात. त्याला हवा असतो जुन्या लोकांच्या ओळखीचा पाऊस, झिमझिम लागून राहिलेला.

तो तसा राहिलेला नाही. २०२३ मध्ये मोसमी पाऊस ११ जूनला दक्षिण कोकणात पोहोचून थबकला आणि मुंबईत २५ जूनला दाखल झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, तो २६ मे रोजी मुंबईत होता. मोसमी पाऊस नेहमीच थोडाफार मागेपुढे होत आला आहे आणि एका वर्षाच्या लहरीला हवामान बदल म्हणणे चूक ठरेल. मध्य भारतात मात्र १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. पाऊस एकूण तेवढाच पडूनही मोठ्या कोसळण्यांत आणि लांब उघडिपींत विभागला जाणे, ही बोटभर पाण्यावर जगणाऱ्याला सर्वांत जाचक गोष्ट आहे.

जगभरच्या उभयचरांची हीच दिशा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या जागतिक पाहणीत आठ हजारांवर प्रजाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या जवळपास ४१ टक्के धोक्यात होत्या, आणि २००४ नंतर ज्यांची स्थिती आणखी बिघडली त्यांपैकी ३९ टक्क्यांच्या बाबतीत हवामान बदल हे मुख्य कारण मानले गेले. कातडीतून श्वास घेणाऱ्या प्राण्याला कोरडी हवा काय करते हे वेगळे सांगायला नको.

आंबोलीच्या टोडचे दुसरे दुखणे अगदी घरगुती आहे. पहिला पाऊस हाच त्याच्या विणीचा हंगाम, आणि पहिला पाऊस हाच पर्यटकांचाही हंगाम. रात्री रस्ता ओलांडताना तो गाड्यांखाली चिरडला जातो. शिवाय सडे सरकारी दप्तरात बहुधा पडीक जमीन म्हणून लागलेले असतात, त्यामुळे तिथे खाण, बांधकाम किंवा भराव घालताना काही गमावले असे कोणाला वाटत नाही.

पुणे येथील एक विद्यार्थी विचारतो : पृथ्वीवर हिमयुगे आली आणि गेली, कासवे आणि बेडूक त्यांतून तरले. मग आताही ते जुळवून घेतीलच, नाही का?

तरले, हे अगदी खरे. पण शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापायला काही हजार वर्षे लागली, आणि आता एका अंशाहून अधिक वाढ दीडशे वर्षांत झाली आहे. शिवाय तेव्हा जंगले, गवताळ माळ आणि किनारे सलग होते. उत्तरेला किंवा डोंगरावर सरकताना वाटेत महामार्ग, उसाचे फड आणि शहरे लागत नव्हती.

डोंगरावर सरकणे म्हणजे काय, याचा साधा हिशेब करून पाहा. हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे एक अंश तापमान वाढले तर पूर्वीचा गारवा मिळवायला सुमारे दीडशे मीटर वर जावे लागेल. हिमालयात वर चढायला जागा आहे. आपल्या सह्याद्रीत सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि कासचे पठार १२०० मीटरच्या आसपास. कासच्या उथळ डबक्यांत वाय अक्षरासारखा तुरा काढणारा वायतुरा पठारावरच राहतो, म्हणजे तो आधीच माथ्यावर पोहोचलेला आहे. त्याला वर जायचे तर आकाशच आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण हा पेच त्या दर्जाने सुटणारा नाही.

आणि जागा अगदीच नसेल तर काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीत घडून गेले आहे. तिथल्या ब्रॅम्बल के या चार-पाच हेक्टरच्या, समुद्रापासून जेमतेम तीन मीटर उंच बेटावर मेलोमिस जातीचा एक उंदीर राहत असे, आणि जगात दुसरीकडे कोठेही नव्हता. वादळी लाटा बेटावर पुन्हा पुन्हा चढल्या आणि त्याच्या खाण्याची झाडोऱ्याची जमीन २००४ मधील २.१६ हेक्टरवरून २०१४ मध्ये ०.०६५ हेक्टरवर आली. तो २००९ मध्ये शेवटचा दिसला. ऑस्ट्रेलिया सरकारने २०१९ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. मानवनिर्मित हवामान बदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद झाली. त्या उंदराने जुळवून घेण्यात कसूर केली, असे कोणी म्हणणार नाही.

नाशिक येथील एक वाचक विचारतात : प्रत्येक प्रजातीच्या ऱ्हासाचे खापर हवामान बदलावर फोडले जाते. हे योग्य आहे का?

योग्य नाही. कोस्टा रिकातल्या माँतेवेर्दे येथील सोनेरी टोडची गोष्ट यासाठी लक्षात ठेवावी. १९८७ मध्ये तो दीड हजारांहून अधिक संख्येने दिसला, १९८९ मध्ये एकच दिसला आणि नंतर कधीच नाही. आधी तापमानवाढीचा बळी म्हणून तो गाजला. पुढे कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीचा वाटा मोठा असावा आणि एल निनोच्या कोरड्या वर्षाने तिला हात दिला असावा, असे मत बळावले. आंतरसरकारी जैवविविधता मंचाच्या २०१९ च्या अहवालातही जमिनीचा आणि समुद्राचा बदललेला वापर व थेट शिकार-मासेमारी ही कारणे हवामान बदलाच्या वर आहेत. मात्र ही कारणे सुटी सुटी काम करत नाहीत. पहिली दोन कारणे जागा आणि संख्या खातात, आणि मग तिसऱ्याला, म्हणजे हवामान बदलाला, फारसे काही करावे लागत नाही.

सोलापूर येथील एक निवृत्त शिक्षक विचारतात : माळढोक वाचवायचा तर सौरऊर्जेच्या वीजवाहिन्यांना विरोध होतो, आणि सौरऊर्जा नको म्हटले तर हवामान बदल वाढतो. यातून मार्ग काय?

नान्नजच्या माळरानावर माळढोक पाहिलेल्या पिढीतले आपण असाल, असे पत्रावरून वाटते. १९७९ मध्ये ते अभयारण्य झाले, आणि आता तिथे एखादा पक्षी दिसला तरी बातमी होते. जगात मिळून दीडशेहून कमी माळढोक उरले असून बहुतेक राजस्थानात आहेत. मादी सहसा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर; गवत आणि नाकतोडे पावसावर अवलंबून, त्यामुळे हवामानाची झळ तिला लागतेच. पण आज त्याला मारते ती तार. अंगाने जड, समोरचे नीट न दिसणारा हा पक्षी उडताना तारेवर आदळतो, आणि जैसलमेर परिसरातल्या तारा सौर आणि पवन प्रकल्पांसाठीही आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकच्या अधिवासातील वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो असेही नमूद केले. मला यात दोन सत्यांचा झगडा दिसत नाही. नियोजनातला आळस दिसतो. सूर्य केवळ माळढोकच्या माळावर तळपत नाही. शहरांतली छपरे आहेत, कालवे आहेत, खरोखरच निकामी झालेल्या जमिनी आहेत. गवताळ माळाला पडीक म्हणायची जी सवय सड्याच्या मुळावर आली, तीच इथेही नडते आहे. जिथे वाहिनी टाळता येत नाही, तिथे ती जमिनीखाली नेण्याचा खर्च हा प्रकल्पाचाच खर्च धरावा.

दापोली तालुक्यातील एका शाळेचे शिक्षक विचारतात : आमची मुले किनाऱ्यावर कासवमित्रांबरोबर जातात. त्यांनी उपयोगी पडेल असे काय करावे?

नोंदी ठेवाव्यात. कोणत्या तारखेला घरटे सापडले, भरतीरेषेपासून किती पावलांवर, अंडी किती, कोणत्या दिवशी पिल्ले निघाली, किती अंडी नासली, एवढे पाच रकाने पुरे आहेत. उबवणीचे दिवस हे घरट्याच्या तापमानाचे चांगले सूचक असतात : वाळू उबदार असेल तर पिल्ले लवकर निघतात, थंड असेल तर उशिरा. वीस वर्षे एकाच पद्धतीने ठेवलेली अशी वही कोणत्याही संशोधकाला हवीहवीशी वाटेल. वन विभागाची आणि कासवमित्रांची परवानगी असेल तर हॅचरीच्या अर्ध्या भागावर शेडनेट किंवा झावळ्यांची सावली करून दोन्ही बाजूंचे तापमान रोज एकाच वेळी मोजता येईल. सगळ्या घरट्यांवर सावली करू नये, कारण माद्याही हव्यातच. थर्मामीटर मात्र अंड्यांच्या खोलीवर, म्हणजे हातभर खाली पुरावा. दुपारी पायाला चटके देणारी वरची वाळू आणि खालची वाळू यांत मोठा फरक असतो, आणि मुलांनी दोन्हीकडे हात लावून पाहिला की तो त्यांना आकड्यांआधीच कळतो.